बुदेल्लीची गुलाबी वाळू: पाय लावू द्यावा की नाही?

डोंबिवलीकर_शेखर (धागाकर्ता)
मे महिन्यात इटलीच्या सार्डिनिया बेटावर जाऊन आलो. तिथल्या पालाउ गावाहून बोटीने ला माद्दालेना द्वीपसमूह पाहिला. साठाहून जास्त बेटं आणि खडक, माणसं मोजक्याच ठिकाणी. बुदेल्ली निर्मनुष्य. तिथला प्रसिद्ध गुलाबी किनारा १९९४ पासून बंद असल्यामुळे बोटीतूनच पाहिला. दुरून डोंगर साजरे हे मान्य, पण दुरून वाळू कसली साजरी? नुसती फिकट रेघ दिसते!
माझं मत: तीस वर्षं झाली, आता रोज वीसेक जणांना वाटाड्यासोबत, अनवाणी, भरपूर पैसे घेऊन सोडा. तिकडे इटलीच्याच माँतेक्रिस्तो बेटावर नोंदणी करून मोजके लोक नेतातच की.

मिलानवासी
साफ असहमत. गुलाबी रंग वाळूचा नव्हेच. मिनियासिना नावाचा एक इवलासा एकपेशीय जीव पोसिडोनिया या समुद्रगवताच्या बुंध्याशी सावलीत राहतो. तो मेला की त्याच्या लालसर कवचाचा चुरा लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात. तो साठायला किती काळ लागला असेल याचा विचार करा. आणि लोक तो बाटल्या भरभरून आठवण म्हणून घरी नेत होते.
"अनवाणी" म्हणताय, पण ओल्या टॉवेलला चिकटून किती जाईल? इकडे येणाऱ्या लोकांची सवय सांगते. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत चौदा बाटल्यांत मिळून ४० किलो सार्डिनियाची वाळू सापडली. म्हणे, नेता येत नाही हे ठाऊकच नव्हतं! चाळीस किलो. आपण तांदूळसुद्धा एवढे एकदम आणत नाही.

मालवणी_नांगर
ताई, बाटल्यांचं पटलं. पण तुमच्याच म्हणण्यातला अर्धा भाग तुम्ही सोडलात. जीव गवतात राहतो ना? मग कारखाना पाण्याखाली आहे, किनारा म्हणजे नुसतं गोदाम. गोदामाला कुलूप लावलं, आणि कारखान्यावर नांगर पडतायत.
मी मालवणात स्नॉर्केलिंगच्या बोटीवर चार हंगाम काढलेत. नांगर ओढताना दोराबरोबर काय काय उपटून वर येतं ते या डोळ्यांनी पाहिलंय. पोसिडोनिया वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतं. मोठ्या यॉटची साखळी वाऱ्याबरोबर गोल फिरते, झाडू मारल्यासारखी. गवतात पडलेलं ते टक्कल भरायला किती वर्षं जातील, हिशेब करा. तेव्हा बंदी पायांवर घाला नाहीतर घालू नका, आधी बोये (नांगराऐवजी बोट बांधायचे तरंगते खुंट) बांधा आणि गवतावर नांगर टाकणाऱ्याला जबर दंड करा. शेखरदादा, तुमची बोट कुठे थांबली होती?

डोंबिवलीकर_शेखर
बुदेल्ली, रात्सोली आणि सांता मारियाच्या मधल्या हिरव्या पाण्यात, पोहायला. खाली नांगर कुठे पडला ते बघितलं नाही, खरं सांगतो. मी फोटो काढत होतो.

सदाशिव_पेठी
मावरो मोरांदी कसा काय कुणाला आठवत नाही? १९८९ साली मोडक्या कॅटामरानमधून पॉलिनेशियाला निघालेला हा माणूस बुदेल्लीत अडकला. तिथला राखणदार निवृत्त होणार होता, यानं जागा घेतली आणि ३२ वर्षं एकटा राहिला. पर्यटकांना हाकललं, कचरा वेचला. २०२१ मध्ये त्यालाच काढलं. म्हणजे राखणारा बाहेर आणि यॉटी आत! मला हे अजून पटलेलं नाही.

मिलानवासी
त्याचं प्रेम खरं होतं, पण हा द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ते एका माणसाच्या मर्जीवर चालत नाही. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या एका बँकरने ते बेट लिलावात घेतलं होतं, आठवतंय का? उद्यानाला ते परत मिळायला २०१६ उजाडलं. राखणदार चांगला निघाला हे नशीब. पुढचा मालक तसाच निघेल असं थोडंच आहे.
मालवणी, तुमच्या बोयांना माझा पाठिंबा. पण वाळूवर वीस नाही, दोनही नकोत. अनेक वर्षं कुणी तुडवली नाही म्हणूनच तिथला गुलाबीपणा थोडा परत दिसू लागलाय.

मालवणी_नांगर
त्या परत येण्यात पायांचा वाटा किती आणि गवताचा किती, ते तुम्ही ठरवून टाकलंत, मी ठरवत नाही. दोन्ही बंद ठेवा. पण पोहायला थांबणाऱ्या बोटींचं काय करणार, ते आधी सांगा.

डोंबिवलीकर_शेखर
वीस जणांचा हट्ट सोडला. पोहण्याचा नाही सोडवत. पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी बोटवाल्याला विचारेन, बोय वापरतोस की नांगर? उत्तर नांगर असेल तर दुसरी बोट.

सदाशिव_पेठी
दुसरीनेही नांगरच टाकला तर?

डोंबिवलीकर_शेखर
तर पालाउच्या धक्क्यावर बसून आइस्क्रीम खाईन, काका.