शब्दचर्चा : 'कर्ज-ए-हसना' आणि 'मुस्तबसिर' यांना मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. एका इराकी गृहस्थांच्या आठवणींचं मराठी भाषांतर करते आहे. जन्म सुन्नी घरातला, नोकरी बँकेत. रोज व्याजाचे हिशेब लिहिताना मन खाऊ लागलं. त्याच काळात त्यांच्या हाती इराकी शिया विद्वान मुहम्मद बाकिर अल-सद्र यांचं बिनव्याजी बँकेवरचं लेखन आलं आणि तिथून वाचत वाचत ते शिया झाले. मजकूर सुरेख आहे, पण दोन शब्दांनी आठवडाभर अडवून ठेवलं आहे.

पहिला 'कर्ज-ए-हसना'. मी 'निर्व्याज कर्ज' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'बिनव्याजी कर्ज' केलं. मला 'निर्व्याज' सोडवत नाही.

दुसरा 'मुस्तबसिर'. शिया झालेला माणूस स्वतःला असं म्हणवतो. 'धर्मांतरित' लिहिलं, पण वाचताना मलाच ठेच लागली. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

ताई, संपादकांनी बरोबर केलं. संस्कृतात 'व्याज' म्हणजे बहाणा, कपट. म्हणून व्याजोक्ती, म्हणून व्याजस्तुती, आणि म्हणूनच निर्व्याज प्रेम. पैशावरच्या वाढीला 'व्याज' म्हणणं पुढचं. 'निर्व्याज कर्ज' वाचून मराठी माणसाला 'निष्कपट कर्ज' ऐकू येईल. अर्थाला ते वाईट नाही, पण हिशेबाच्या वाक्यात घोटाळा होईल.

गंमत म्हणजे व्याजाला अरबीत असलेला शब्द 'रिबा' मुळात कपटाचा शब्दच नाही. वाढणं, फुगणं, वर येणं असा तो धातू. 'रब्वा' म्हणजे उंचवटा. कुराणात (२:२६५, म्हणजे अध्याय २, वचन २६५) उंचवट्यावरच्या बागेची उपमा आहे, तिथे हाच शब्द येतो. आपल्याकडचा नेमका जोडीदार 'वृद्धी'. 'पण' या जुन्या नाण्यात बोलायचं तर कौटिल्यानं शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण ही धर्म्य, म्हणजे न्याय्य, वृद्धी सांगितली आहे. आता २:२७६ पाहा. अल्लाह रिबा नाहीसा करतो आणि दानधर्म वाढवतो, असं ते वचन. त्यातला 'वाढवतो' हा शब्द 'युर्बी', म्हणजे रिबाचाच धातू. जे वाढतं असं वाटतं ते आटतं, आणि जे हातचं गेलं असं वाटतं ते वाढतं. एकाच धातूवर उभं असलेलं हे वाक्य भाषांतरात हमखास सपाट होतं. तुमच्या मजकुरात ते आलं असेल, तर दोन्हीकडे 'वाढ' हाच शब्द ठेवा. 'व्याज' आणि 'वृद्धी' असे दोन वेगळे शब्द घातलेत तर जीव जाईल.

'कर्ज' तर आपलाच झालेला अरबी शब्द. मूळ अर्थ कापणं, कातरणं. उर्दूत कात्रीला 'मिक्राज' म्हणतात ते यातूनच. आपल्या मालमत्तेतून कापून दुसऱ्याला दिलेला तुकडा म्हणजे कर्ज. 'हसन' म्हणजे चांगलं, सुंदर. कुराणात (२:२४५) विचारलं आहे, अल्लाहला चांगलं कर्ज कोण देईल, म्हणजे तो ते कितीतरी पटींनी वाढवून देईल? तेव्हा या शब्दात व्याजाचं नावही नाही. 'बिनव्याजी' सांगतं की काय नाही. 'हसना' सांगतं की देणं कसं आहे. मराठीत लिहिताना हा फरक हातातून निसटू नये असं मला मनापासून वाटतं.

एक सुचवू का? व्याज नसलेल्या देण्याला आपल्याकडे जुना, घरचा शब्द आहे : उसनं. वाटीभर साखर उसनी आणतात, पैसे हातउसने घेतात. उसन्यावर व्याज लावणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. 'कर्ज काढलं' आणि 'उसने घेतले' या दोन वाक्यांतला फरक सांगावा लागत नाही.

प्रश्नकर्तीचं उत्तर

काका, 'उसनं' सुचलंच नव्हतं! पण एक अडचण. हातउसन्याला कागद नसतो, शब्दावर चालतं. माझ्या मजकुरातल्या निधीत रीतसर लिखापढी होते, जामीन घेतात.

प्रतिसाद

बरोबर पकडलंत. कुराणाचीही तीच शिकवण आहे. २:२८२ मध्ये मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं सविस्तर सांगितलं आहे. त्याच्या जरा आधी, २:२८० मध्ये, ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड होईपर्यंत थांबा, आणि सोडून दिलंत तर ते अधिक चांगलं, असं आहे. तेव्हा वृत्ती उसन्याची, रीत कर्जाची. मग पहिल्यांदा येईल तिथे 'कर्ज-ए-हसना, म्हणजे लिहून दिलेलं पण उसन्यासारखं बिनव्याजी कर्ज' असा खुलासा वाक्यातच करा आणि पुढे 'कर्ज-ए-हसना' हाच शब्द चालू द्या. मुंबईत बोहरी शेजार असलेल्या अनेकांच्या कानावर 'करझन हसना' आधीच असेल.

जाता जाता एक सावधगिरी. मूळ मजकुरात 'इजारा' किंवा 'हवाला' आला, तर मराठीतला इजारा-हवाला उचलू नका. तिकडे इजारा म्हणजे वस्तू भाड्यानं देण्याचा करार. आपला 'इजारा' मक्त्याकडे आणि 'इजारेदारी'कडे गेला. तिकडे हवाला म्हणजे देण्याची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवणं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या शब्दाचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रतिसाद

ताई, मी मुंबईतल्या शिया घरातली, शाळा मराठी माध्यमाची. 'मुस्तबसिर'बद्दल लिहिते, कारण तो शब्द आमच्या घरात जिवंत आहे.

'बसर' म्हणजे दृष्टी, 'बसीरत' म्हणजे आतली दृष्टी. 'इस्तिबसार' म्हणजे दृष्टी शोधणं, मिळवणं, आणि ती मिळवलेला तो मुस्तबसिर. 'धर्मांतरित' नक्कीच नको. कुराण तेच, पैगंबर तेच, नमाजाची दिशा तीच. फरक पडतो तो पैगंबरांनंतर वाट कोणी दाखवायची यावर. आमचं उत्तर हजरत अली आणि त्यांच्या वंशातले इमाम. 'शिया' शब्दाचा अर्थही 'अनुयायांचा गट' एवढाच; 'शीअत अली' म्हणजे अलींचे अनुयायी. धर्म बदललाच नाही, तर धर्मांतर कसलं?

पण हा शब्द जपून वापरावा लागतो. माझी आई सुन्नी घरातली. तिच्या माहेरच्यांसमोर आम्ही कधीही 'अम्मी मुस्तबसिर आहे' म्हणत नाही, कारण त्याचा अर्थ होतो की मामांना दिसत नाही. तिथे 'अम्मी शिया झाली' एवढंच म्हणतो. विद्वानांच्या भाषेत 'तशय्यु', म्हणजे शिया होणं, असा तटस्थ शब्दही आहे. आणि कुराणात 'मुस्तबसिरीन' हा शब्द आद आणि समूद या प्राचीन लोकांबद्दल येतो (२९:३८). ते डोळस होते, तरीही सैतानानं त्यांना वाटेवरून ढळवलं. माझ्या वडिलांनी हे मला लहानपणी सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून हा शब्द उच्चारताना मी थोडी थांबते.

म्हणून माझं मत : ते गृहस्थ स्वतःबद्दल बोलतात तिथे 'मुस्तबसिर' ठेवा, बाकी ठिकाणी 'शिया झाले'.

आणखी एक. आमच्या जाफरी फिकहमध्ये, म्हणजे शियांच्या धर्मशास्त्रीय कायद्यात, बाप आणि मूल, नवरा आणि बायको यांच्यात रिबा लागू होत नाही, असा नियम आहे. मजकुरात तो आला तर भाषांतराची चूक समजून गाळू नका.

प्रतिसाद

अहिल्यानगरचा आहे म्हणून दोन ओळी. इथे बुऱ्हाण निजामशाहानं १५३७ मध्ये शिया विद्वान शाह ताहिर यांच्या प्रभावानं शिया पंथ स्वीकारला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की राजपुत्र आजारी होता आणि शाह ताहिरनं बारा इमामांच्या नावे नवस बोलायला लावला. मोहरमला शहरातल्या कोठला भागातल्या बारा इमामांच्या सवाऱ्या पाहायला आजही सगळं शहर लोटतं, त्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक असतात. आमच्याकडे इतिहास सांगताना 'बाटला' किंवा 'धर्मांतर केलं' असं मी कधी ऐकलं नाही, 'शिया पंथ स्वीकारला' असंच ऐकलं. आजी मात्र म्हणायची, 'राजानं इमामांना मानलं'. मला ते सगळ्यात आवडतं.

प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला परिच्छेद आता असा केला आहे :

'त्या पेढीत मला पहिल्यांदा कर्ज-ए-हसना भेटलं. कागदावर लिहिलेलं, जामीन घेतलेलं, पण उसन्यासारखं. जेवढं दिलं तेवढंच परत. ज्या वाढीचा हिशेब मी बारा वर्षं लिहिला होता, ती तिथे नव्हती. पुढे मी बाकिर अल-सद्र वाचले, त्यांच्या इमामांना मानलं. लोक म्हणाले, शिया झाला. मी स्वतःला मुस्तबसिर म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना अजून घाबरतो.'

शेवटचं वाक्य मुळातलंच आहे. ते का घाबरतात हे मुंबईच्या ताईंचं वाचेपर्यंत मला कळलं नव्हतं.

आता एकच उरलं. सद्र यांच्या पुस्तकाच्या नावातच 'अल-ला-रिबवी', म्हणजे रिबा नसलेली, बँक आहे, आणि १९८३ च्या इराणी बँक कायद्यातही 'बिदून-ए-रिबा', रिबाशिवाय, असंच म्हटलं आहे. म्हणजे इथे 'काय नाही' हेच सांगायचं आहे. तिथे 'बिनव्याजी बँक' चालेल ना, काका?

प्रतिसाद

तिथे चालेल. तिथे तोच शब्द हवा.