टेरेसवरच्या टाकीला नंबरचं कुलूप: समुद्राजवळ कुठलं टिकतं?

सातबंगला_सचिव

नमस्कार मंडळी. वर्सोव्याला सात बंगल्याजवळच्या एका जुन्या सोसायटीची मी सचिव आहे. टेरेसवरून समुद्र दिसतो, त्यामुळे खारं वारं थेट अंगावर येतं. वर आरसीसीच्या दोन टाक्या आहेत, त्यांना लोखंडी झाकणं. शिवाय खाली पंप रूम आणि टेरेसचं दार. या सगळ्यांना किल्लीची कुलपं आहेत आणि किल्ल्यांचा नुसता गोंधळ आहे. दिवसपाळीचा वॉचमन किल्ली खिशात घालून घरी जातो, प्लंबर नेतो ती परत आणत नाही. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं डासांच्या अळ्या तपासायला येतात, तेव्हा टाकीचं झाकण लगेच उघडता यायला हवं. ती माणसं उन्हात उभी आणि आम्ही किल्ली शोधतोय, हे मला अजिबात आवडत नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात ‘ऑल वेदर’ लिहिलेलं नंबरचं कुलूप आणलं. दिसायला दणकट, वर काळं रबरी आवरण. गणपतीपर्यंत त्याच्या चकत्या इतक्या घट्ट झाल्या की दोन्ही अंगठे लावूनही फिरेनात. चकत्यांच्या फटींत पांढरी पूड साचली होती, ओल्या रांगोळीसारखी. आकड्यांवरचा रंग उडाल्यामुळे ६ आहे की ८ तेही कळेना. शेवटी वेल्डरला बोलावून कापावं लागलं. दुकानदार म्हणाला, पावसात असं होणारच.

खरंच होणारच का? धातू कुठला घ्यावा, किती आकड्यांचं घ्यावं, तेल कुठलं घालावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

लालबागकर_अमोल

ताई, माझं स्पष्ट मत, किल्लीचंच पितळी कुलूप घ्या. आमच्या लालबागमध्ये गोदरेजनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून मुंबईचा पावसाळा किल्लीच्या कुलपांनीच काढलाय. नंबरच्या कुलपात फिरणारे भाग जास्त आणि ते सगळे उघड्यावर. किल्ल्यांसाठी वॉचमनच्या केबिनमध्ये हुकांचा बोर्ड आणि सहीची वही ठेवा, काम भागेल.

धक्क्यावरचा_फिटर

अमोलचं म्हणणं चूक नाही, पण सचिवताईंची अडचण माणसांची आहे आणि तिथे नंबरचं कुलूप उपयोगी पडतं. मी भाऊच्या धक्क्यावर लाँचींच्या दुरुस्तीत आयुष्य काढलं. इंजिनाच्या झाकणांना, डिझेलच्या पेट्यांना, दोरखंडाच्या खोल्यांना लावलेली कुलपं रोज हाताखालून गेली. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी त्या पांढऱ्या पुडीबद्दल. ती जस्ताची आहे. बाजारातली बहुतेक नंबरची कुलपं झिंक अलॉय साच्यात ओतून करतात आणि वर क्रोमचा नाहीतर रंगाचा पातळ थर देतात. चकत्या एकमेकींवर घासून तो थर आधी कडांवरूनच जातो. खारी ओल तिथे पोचली की जस्त झिजतं, त्याची पूड फुगते आणि चकत्या जाम होतात. तुमच्या दुकानदाराने सगळा दोष पावसाला दिला, पण खरा त्रास मिठाचा. पावसाचं पाणी गोडं असतं, ते मीठ धुऊन नेतं. धक्क्यावर आम्ही कायम बघायचो, पत्र्याच्या वळचणीखाली लावलेलं कुलूप उघड्या डेकवरच्या कुलपाच्या आधी खराब व्हायचं. वळचणीखाली वाऱ्याबरोबर मीठ येऊन बसतं, पण ते धुवायला पाऊस पोचत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते स्वतःच विरघळून कुलपावर ओला थर धरतं, पाऊस असो वा नसो. मुंबईच्या रात्री त्याला पुरेशा दमट असतात. म्हणून दसऱ्यानंतरही काळजी सोडू नका. ऑक्टोबर ते मे मीठ बसत राहतं आणि ते धुणारं कोणी नसतं.

आता धातू. कुलपाचं अंग भरीव पितळेचं घ्या आणि कडी स्टेनलेसची. पितळ काळवंडतं, हिरवट होतं, पण लोखंडासारखे पापुद्रे सुटून अडकत नाही. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार भेटतील. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठापुढे जास्त टिकतं आणि बोटींवर तेच वापरतात. ३०४ वर तुमच्याकडे चहासारखे तपकिरी डाग पडतील, वेळच्या वेळी पुसले तर ताकद जात नाही. एक गोष्ट मात्र समजून घ्या. स्टेनलेसची कडी कडक केलेल्या पोलादी कडीपेक्षा मऊ असते, मोठा बोल्ट कटर तिला लवकर कापतो. रस्त्यावरच्या गाळ्याला मी ती लावणार नाही, तिथे कडक पोलादच हवं. टाकीच्या झाकणाला कटर घेऊन सातव्या मजल्यावर कोण येणार? तिथे गंज हाच मोठा चोर आहे. कडी ८ मिलिमीटर जाड घ्या, ६ ची घेऊ नका.

खरेदीला नागदेवी स्ट्रीटला जा आणि खिशात लोहचुंबक ठेवा. अंगाला चुंबक चिकटला तर ते पितळ नाही, आत लोखंडी पट्ट्या आहेत. चिकटला नाही म्हणून पितळच आहे असंही नाही, कारण जस्तालाही चुंबक चिकटत नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन तळाशी खिळ्याने बारीक ओरखडा काढा. आत पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर मुलामा. हातात वजनही कळतं, त्याच मापाचं पितळी कुलूप जस्ताच्या कुलपापेक्षा जड लागतं. कडीला चुंबक जोरात चिकटला आणि दुकानदार स्टेनलेस म्हणत असेल, तर पुढच्या दुकानात जा.

आकडे चार घ्या. तीन आकड्यांत हजारच जोड्या होतात, एकेका जोडीला तीन सेकंद धरले तरी तासाच्या आत सगळ्या करून होतात. चार आकड्यांत दहा हजार, म्हणजे आठ तासांहून जास्त. आकडे नुसते रंगवलेले नकोत, कोरलेले हवेत. रंग गेला तरी खाच बोटाला लागते आणि पुन्हा रंग भरता येतो.

तळाशी भोक आहे का ते जरूर बघा. पाणी कडीच्या दोन भोकांतून आत जाणारच, कितीही रबर लावा. ते खालून निघून गेलं पाहिजे. तुमच्या झाकणावरचं कुलूप बहुतेक आडवं पडून राहत असेल आणि त्यात पाणी साचत असेल. पुढच्या वेळी वेल्डर आला की कोयंडा झाकणाच्या वरच्या पत्र्यावरून काढून बाजूच्या उभ्या पट्टीवर घ्या, म्हणजे कुलूप कडी वर ठेवून सरळ लोंबेल. नुसत्या एवढ्या बदलाने कुलपाचं आयुष्य वाढतं, हे मी खात्रीने सांगतो. रबरी आवरण सगळीकडून बंद असेल तर काढून टाका, आत ओल कोंडते. त्यापेक्षा सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरच्या बाजूला स्क्रूने बसवा, खालून मोकळा सोडा. बंद शटरवर लावलेला बघितला असेल.

तेलाचं. खोबरेल घालू नका. घरात हाताशी असतं म्हणून लोक घालतात, पण ते धूळ धरून चिकट होतं. ग्रीसही नको. डब्ल्यूडी-४० पाणी बाहेर काढायला आणि जाम सोडवायला चांगलं, पण त्याचं वंगण फार दिवस राहत नाही. त्याने साफ करा, सुकू द्या, मग सिलिकॉनचा किंवा पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे मारा. त्याआधी दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा. एक मग पाणी ओतायचं, चारही चकत्या पूर्ण फिरवायच्या, फडक्याने पुसायचं. आणि ताई, हे फार महत्त्वाचं: स्प्रे मारताना कुलूप काढून टाकीपासून लांब न्या. खाली पिण्याचं पाणी आहे, त्यात थेंबही पडता कामा नये.

गिरगाव_स्मिता

फिटरकाकांनी फार मोलाचं लिहिलंय. मला फक्त टेरेसच्या दाराबद्दल बोलायचंय. सचिवताई, त्या दाराला आतून नंबरचं कुलूप कृपया लावू नका, कुठल्याच धातूचं. आग लागली की धूर जिन्यातून वर चढतो. खालची वाट बंद झालेली माणसं वर धावतात. अंधारात, खोकत, थरथरत्या हाताने चार आकडे कोण जुळवणार? आणि नंबर समितीतल्या पाच जणांनाच माहीत असेल तर लहान मुलं, कामवाल्या मावशी, पाहुणे यांनी काय करायचं? आतून कोणालाही उघडता येईल अशी साधी कडी ठेवा. मुलं वर जातात ही भीती असेल तर दार उघडल्यावर वाजणारी बेल बसवा. जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षेचा बी फॉर्म (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) ज्या परवानाधारक एजन्सीकडून घेता, तिलाही हे दार दाखवून विचारा.

सातबंगला_सचिव

स्मिताताई, हे समितीच्या बैठकीत पहिल्याच मुद्द्याला घेते. आमचे बरेचसे रहिवासी सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांच्यासाठी तर हे हवंच. टेरेसचं दार यादीतून बाहेर.

काका, तुमचं उत्तर मी छापून वॉचमनच्या केबिनमध्ये लावतेय. कुलूप खरंच आडवंच पडलेलं असतं आणि उचललं की तळाशी पाणी असायचं. अजून दोन शंका आहेत. ऑनलाइन एका कुलपावर ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवावा का? आणि नंबर कोणीतरी चुकून बदलला तर? शेजारच्या बिल्डिंगमध्ये तसं झालंय म्हणे.

धक्क्यावरचा_फिटर

‘१०० टक्के’ला काही अर्थ नाही. सॉल्ट स्प्रे चाचणीचे तास लिहिलेत का ते बघा. कुलूप बंद पेटीत ठेवून त्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहतात. युरोपच्या ईएन १६७० या मानकात तिसऱ्या श्रेणीला ९६ तास आणि चौथ्या श्रेणीला २४० तास आहेत. तुमच्या जागेला चौथी श्रेणी मिळाली तर उत्तम. माल कसाही असो, तासांचा आकडा आणि मानकाचं नाव छापलेलं नसेल तर जाहिरातीतल्या शब्दांवर पैसे घालू नका.

नंबर बदलण्याचं. बऱ्याच कुलपांत उघडी कडी अर्धी फिरवून खाली दाबली की नवा नंबर बसतो. उघडं कुलूप हातात घेऊन कोणी चाळा केला आणि चकत्या हलल्या, की नंबर गेला. शेजारी हेच झालं असणार. सोसायटीसाठी असं कुलूप नकोच. नंबर बदलायला वेगळी किल्ली किंवा पिन लागते असं घ्या आणि ती पिन तुमच्या कपाटात ठेवा. वॉचमनला शिकवा की उघडल्यावर कुलूप कोयंड्यात अडकवून ठेवायचं, खिशात नाही, आणि लावल्यावर चारही चकत्या फिरवायच्या. बहुतेक जण शेवटची एकच हलवतात. मग पुढच्या माणसाला तीन आकडे आयते मिळतात आणि दहा झटक्यांत कुलूप उघडतं. नंबर बिल्डिंगचा, पिनकोडचा किंवा कोणाच्या फ्लॅटचा नको. वॉचमनची एजन्सी बदलली की त्याच दिवशी बदला.

पंप रूमसाठी मात्र अमोलचं ऐका. तिथे विजेचं पॅनेल आहे, खोली आडोशाला आहे, आत जाणारी माणसं मोजकी. किल्लीचं पितळी कुलूप आणि केबिनमधला बोर्ड तिथे बरोबर बसेल.

लालबागकर_अमोल

काका, एक विचारू? टाकीच्या झाकणावरचा कोयंडा साध्या लोखंडाचा आहे, त्यावर स्टेनलेसची कडी टेकली तर कोयंड्याचा गंज कडीला लागतो ना?

धक्क्यावरचा_फिटर

लागतो. लोखंडाचे कण कडीवर बसले की तिथून डाग सुरू होतात. कोयंडाही स्टेनलेसचाच घ्या. तो स्क्रूने बसवू नका, आरपार बोल्ट घालून नट झाकणाच्या आतल्या बाजूला घ्या, म्हणजे बाहेरून पान्याने उघडता येणार नाही. झाकण साध्या लोखंडाचं आहे, म्हणून मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वायसर घाला. दोन धातू ओल्या मिठात एकमेकांना भिडले की त्यातलं लोखंड लवकर खाल्लं जातं. बोल्टची भोकं पाडाल तेव्हा टाकीवर ताडपत्री आंथरायला सांगा, लोखंडाचा कीस पाण्यात जायला नको. आणि काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, भोकांच्या कडांना रेड ऑक्साइड मारून सुकायला वेळ मिळेल.