जिम्नीला जाड स्टेअरिंग डॅम्पर आधी टाकायचा की शेवटी?

रेगडमाती
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हाणा. पुढे आख्खा अ‍ॅक्सल असलेल्या (म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर) गाडीला मोठे टायर टाकले की पहिला खर्च स्टेअरिंग डॅम्परवर करावा. कोणी स्टॅबिलायझर म्हणतं, वस्तू तीच: स्टेअरिंगच्या दांड्याला आडवा बसवलेला शॉकअप.

गाडी पाच दरवाजांची जिम्नी, २०२३ ची. ४० मिलिमीटरची लिफ्ट (स्प्रिंग बदलून गाडी तेवढी उंच केलेली), कंपनीच्या १९५/८० आर१५ च्या जागी २१५/७५ आर१५ चे ऑल टेरेन, आणि जरा बाहेर आलेले अलॉय. गेल्या रविवारी शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो. वायफळचा टोल यायच्या आधी एका पुलाच्या जोडावर टायर आपटले आणि नव्वदच्या वेगात स्टेअरिंग असं फडफडायला लागलं की दोन हातांत आवरेना. शेजारी बायको, मागे पोरगं झोपलेलं. ब्रेक न दाबता हळूहळू चाळीसवर आणली तेव्हा थांबलं. पोरगं उठलंही नाही. बायको मात्र तेव्हापासून गाडीत बसलेली नाही.

गॅस भरलेला, दुप्पट जाडीचा एक डॅम्पर पाहून ठेवलाय. मित्र म्हणतात आधी बाकीचं बघ. बाकीचं काय बघू? गाडीला फार दिवस झाले नाहीत, अलाइनमेंट कालच केली, कागदावर सगळं हिरवं आहे.

पाटेवाली५५०
गाडी फडफडली तेव्हा डॅम्पर गाडीत होताच ना? जिम्नीला तो कंपनीकडूनच येतो. म्हणजे पहारेकरी जागेवर असताना चोरी झाली. तू आता पहारेकरी जाड ठेवतोयस, दार कुठे उघडं आहे ते बघत नाहीस.

डॅम्परमध्ये तेल बारीक भोकांतून जातं. स्टेअरिंग सावकाश फिरवलं तर तो फारसा अडवत नाही, झटका आला की अडवतो. बस, एवढंच. ढिला सांधा तो घट्ट करत नाही. अ‍ॅक्सल असा नाचायला लागला म्हणजे कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे: पॅनहार्ड रॉडचे (चॅसिसखाली चाकं आडवी सरकू न देणारा दांडा) रबरी बुश, टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणारा स्टेअरिंगचा दांडा) एंड, किंगपिनचं (ज्या खुंटीवर चाक वळतं ती) बेअरिंग, नाहीतर हबचं. त्यात चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असलं की झालंच.

आणि लिफ्ट. गाडी उचलली की पुढचे आर्म झुकतात, अ‍ॅक्सल थोडा गोल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला तिरकेपणा, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. तो तिरकेपणा तू कमी केलास. अलाइनमेंटवाल्याने हिरवं करून दिलं ते टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते. या अ‍ॅक्सलवर त्याला पान्याने फिरवता येतं ते तेवढंच. कागदावर कॅस्टरचा रकाना शोध आणि तिथे काय लिहिलंय ते इथे टाक.

हे शहाणपण फुकटात आलेलं नाही. माझ्या महिंद्रा ५५० जीपला मीही जाड डॅम्पर लावला होता. वर्षभर गाडी लोण्यासारखी चालली. मग काटोल रोडवर एका वळणावर स्टेअरिंग अडकल्यासारखं झालं. किंगपिन उघडला तर आत ग्रीस नव्हतंच, गंजाचा लाल काला होता, आणि बेअरिंगचे रोलर चण्यासारखे सुटे होऊन ओंजळीत पडले. डॅम्पर नसता तर गाडीने सहा महिने आधीच बोंब मारली असती.

हिंगणारोड
ताप आला की गोळी, मलेरियाची तपासणी सवडीने. वर्षानुवर्षं हेच चालू आहे.

काळीथार
माझी २०२० नंतरची थार आहे, मी पण टाकून घेऊ का? दिसायला भारी दिसतो.

पाटेवाली५५०
तुझ्या गाडीला पुढे आख्खा अ‍ॅक्सल नाही. डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं, आणि रॅक अँड पिनियन स्टेअरिंग आहे. हा आजारच तुझा नव्हे. पैसे वाचव, तर्री पोहे खा.

सिल्लारीगेट
पाटेवाले भाऊ, तुमचं सारं बरोबर, पण तुमी रोडची गोष्ट करून राह्यले. मी दगडाची सांगतो.

माझी जिप्सी पेंचमध्ये चालते. सकाळची फेरी, संध्याकाळची फेरी. आतमध्ये वीसच्या वर कोणी पळवत नाही, तिथं ते फडफडणं-बिडफडणं कुठून येईन? पण नाल्यात चाक गोट्यावर चढलं अन् घसरलं की स्टेअरिंगचा आरा असा फाटकन फिरते का विचारू नका. वस्तादानं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंगठा आत घालायचा नाही, कड्यावर ठेवायचा. मी ऐकलं नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आजही वाकडं उगवते.

दोन वर्षांआधी डॅम्पर बदलला, थोडा जाडच टाकला. आता संध्याकाळी मनगट ठणकत नाही. पाहुण्यांले वाघ दिसो का न दिसो, मले फरक दिसला. म्हणून म्हणतो, त्याले पार नावं ठेवू नका.

पाटेवाली५५०
सिल्लारी भाऊ, दगडाचं मान्य. झटका खाणं हेच त्याचं खरं काम, आणि जंगलात तो त्यासाठीच हवा. पण तुमचा जुना डॅम्पर मेलेला असणार. दांड्यावर तेल आलं होतं का? काढून हातात घेऊन दाबला-ओढला असता तर मधेच पोकळ लागला असता. मेलेला बदलणं वेगळं, आणि चांगला काढून दुप्पट जाड टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कमी वेगात स्टेअरिंग जड होतं आणि वळण झाल्यावर ते सरळ यायला आळस करतं. इतवारीच्या गल्लीत तीनदा पुढेमागे केलं की कळेल.

रेगडमाती, तू म्हणतोस तो गॅसवाला. गॅसचा दाब दांडा सतत बाहेर ढकलत असतो. एकच लावलास तर गाडी कायम एका बाजूला ओढेल, आणि मग तू पुन्हा अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन भांडशील. घ्यायचाच तर साधा तेलाचा घे.

मोजपट्टी
दोघंही डॅम्परभोवतीच फिरताय. त्याने लिहिलंय ‘जरा बाहेर आलेले अलॉय’, ते कोणी वाचलंच नाही.

चाक ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला एका जागी मिळते, आणि टायरचा मध्य दुसऱ्या जागी टेकतो. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. चाक बाहेर काढलं की ते वाढतं. दार बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही, कडीपाशी करंगळीने ढकललं तरी फिरतं. कंपनीच्या रिमवर दगड तुमचं दार बिजागरीजवळ ढकलत होता, आता कडीजवळ ढकलतोय. मनगटाला बसणारा झटका तुम्ही स्वतः विकत घेतला आणि तो खायला आता डॅम्पर विकत घेताय. जुने रिम परत लावा. फुकट आहे.

टायरची हवाही बघा. कन्हानच्या वाळूत जाताना अठरा-वीस पीएसआयवर आणायची आणि येताना पंप शोधायचा कंटाळा करायचा, हे आपल्याकडे दर रविवारी होतं.

रेगडमाती
अलॉय काढणार नाही. बायकोशी त्यावरून आधीच एकदा झालंय. आणि मला एक सांगा, सगळे सांधे तपासून, सगळे बुश बदलून शेवटी डॅम्पर टाकायचाच असेल तर आधी टाकला तर बिघडलं काय? निदान तोवर समृद्धीवर जीव तरी वाचेल.

पाटेवाली५५०
बिघडतं हे की एकदा फडफडणं थांबलं की तू बाकीचं बघणार नाहीस. मी नव्हतं बघितलं. आणि तोवर समृद्धीवर जाऊच नको ना लेका, वर्धा रोड कुठे पळून गेलाय?

तपासायला गॅरेजचा रॅम्प लागत नाही. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, एक जण स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे झटके देत हलवतो, वेग नको, चौथाई फेरीही नको. दुसरा खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवतो. डोळ्यांवर विसंबू नको. मग पुढचं एकेक चाक जॅकवर घे, वर-खाली धरून हलव आणि खाली टॉमी (लोखंडी पहार) लावून उचलून बघ. किंगपिन गेला असेल तर हाताला कळतं.

कायदाकाका
लिफ्ट आणि बाहेर आलेली चाकं घेऊन आरटीओसमोर उभे राहाल तेव्हा मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ (गाडीत फेरफार करण्याबद्दलचं) वाचून जा. डॅम्परचं कोणी विचारणार नाही, बाकीचं विचारतील.

हिंगणारोड
काका आले म्हणजे धागा शंभरी गाठतो.

रेगडमाती
पंधरा दिवसांनी येतोय. कॅस्टरचा रकाना बघितला. रिकामा होता. हिरवं होतं ते दोन्ही टो आणि खाली दुकानाचा शिक्का.

धाकट्या भावाला स्टेअरिंगवर बसवलं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोतं टाकून खाली झोपलो. टाय रॉड ठीक, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) ठीक. पॅनहार्डच्या चॅसिसकडच्या टोकावर बोट ठेवलं तर टक, टक, टक. दिसत काहीच नव्हतं, बोटाला मात्र घड्याळासारखं लागत होतं. खोलला तर बुशचं रबर अर्ध्या गोलात फाटलेलं. गाडी नवी, रबर कसं फाटलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं: लिफ्ट बसवणाऱ्याने गाडी हवेत टांगलेली असतानाच बोल्ट आवळले होते. चाकं खाली आली की रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहून फाटतं. बोल्ट गाडी स्वतःच्या पायावर उभी असताना आवळायचे असतात. लिफ्टवाल्याचं नाव इथे घेत नाही, त्याला फोनवर जे बोलायचं ते बोलून झालंय.

बुश बदलले, कॅस्टर सुधारायचे, भोक मध्यापासून सरकलेले बुश आर्ममध्ये टाकले, चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं. मग जुना डॅम्पर काढून ठेवून पहाटे रिकाम्या रस्त्यावर साठपर्यंत चालवली. सरळ. डॅम्पर लावून समृद्धीवर त्याच पुलाच्या जोडावरून शंभरने नेली. हात जरा घामेजले, बाकी काही नाही.

पाटेवाली५५०
शाब्बास. मिटलं तर मग. गॅसवाल्याचे पैसे वाचले.

रेगडमाती
मिटलं नाही. तेलाचा जाडवाला काल घेऊन आलो. दिवाळीनंतर पेंचकडच्या नाल्यांत जायचंय आणि अलॉय आहेत तसेच आहेत, म्हणजे मोजपट्टीच्या हिशोबाने दगड कडीपाशीच ढकलणार. सिल्लारी भाऊंचं नख डोळ्यांसमोरून जात नाही.

मोजपट्टी
रिम बदलले असते तर हा खर्चही वाचला असता. पण असो, गाडी तुमची, अंगठा तुमचा.

पाटेवाली५५०
क्रम तरी बरोबर लावलास. सहा महिन्यांनी एकदा तो डॅम्पर काढून ठेवून गाडी चालव आणि बोट पुन्हा तिथेच ठेव. वहिनी बसल्या का गाडीत?

रेगडमाती
मागच्या सीटवर बसते म्हणाली. पुढे नाही.

सिल्लारीगेट
राजेहो, तुमचं भांडण झालं असन त एक विचारू का? तो कंपनीचा जुना डॅम्पर तसाच पडून हाये का? शेजाऱ्याच्या जिप्सीचा गळून राह्यला. ब्रॅकेट मी वेल्ड करून घेतो.