मदत हवी आहे: आमचे दादा चाललेत, रिसीव्हर कुठून आणू?

नमस्कार मंडळी. पिट्सबर्गमध्ये आम्ही दहा-बाराजण दर रविवारी फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार) खेळतो. कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो, पाडापाडी नाही. आमचे सगळ्यात जुने रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारे), म्हणजे दादा, पुढच्या महिन्यात टेक्ससला चाललेत.

वय ४४, पळण्यात आता काही राम नाही. पण थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या, अटीतटीच्या प्रयत्नाला) बॉल त्यांच्याकडेच जातो. आणि नवं पोरगं सोपा कॅच सोडून मान खाली घालून आलं, की पाण्याची बाटली पुढे करत हळूच सांगतात, "अरे, बॉल हातात येईपर्यंत बघ. पळायचं नंतर." आरडाओरडा शून्य.

स्टीलर्सनी (इथली व्यावसायिक फुटबॉल टीम) २०१२ मध्ये त्यांचा रिसीव्हर हाइन्स वॉर्डला सोडलं तेव्हा हेच झालं होतं. १४ सीझन, बरोबर १००० कॅच, शिवाय दुसऱ्यासाठी जीव तोडून ब्लॉकिंग (समोरच्याला अडवणं). कॅचेसची जागा अँटोनियो ब्राउननं भरली, २०१३ मध्ये तर ११० कॅच घेतले. पण २०१९ मध्ये टीमशी बिनसून तो रेडर्स या दुसऱ्या टीमकडे गेला. माझी भीती नेमकी हीच.

आमच्याकडे एक पोरगा आहे, वाऱ्यासारखा पळतो, पण कॅच सुटला की क्वार्टरबॅकवर (बॉल फेकणाऱ्यावर) डाफरतो. दादांची जागा त्यालाच द्यावी आणि पोरांना सांभाळायचं काम दुसऱ्या कुणाकडे? क्वार्टरबॅक मीच आहे, आणि माझाही पारा लवकर चढतो (बायकोला विचारा).

कुणी क्रिकेट, कबड्डी, कुठल्याही टीममध्ये हे निभावलंय का? दादा जायच्या आधी चार रविवार आहेत. त्यात नेमकं काय करून घेऊ?