अपग्रेड रखडले, खोळंबले की अडकले?

प्रश्न: लिनक्ससाठी मराठी मदतपुस्तिका लिहितो आहे. उबुंटू या लिनक्सवर पॅकेजांचे (म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचे) अपग्रेड मध्येच थांबते, त्याला काय म्हणावे? अडकणे, रखडणे, खोळंबणे, हँग होणे, सगळेच कानावर येते. पुस्तिकेत एकच शब्द ठेवावा म्हणतो. कोणता ठेवू?

प्रतिसाद: कृपा करून एकच ठेवू नका. मराठीत ही क्रियापदे वेगळी आहेत आणि इथे बिघाडही वेगळे आहेत.

काम रखडते तेव्हा ते संथपणे का होईना, चालू असते. नव्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) इनिट्रॅमएफएस, म्हणजे यंत्र सुरू होताना लागणारा फाइलींचा संच, तयार होताना किंवा डीकेएमएस या साधनातून त्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधला जाताना पडद्यावर बराच वेळ एकही नवी ओळ उमटत नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘टॉप’ उघडा, त्यात चालू प्रोसेस दिसतात. कंपायलर प्रोसेसर खात असेल तर काम रखडले आहे, बंद पडलेले नाही. त्याला मारू नका.

खोळंबा होतो तो दुसऱ्या कोणामुळे. मागे अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारी सेवा) चालू असेल, तर तुमच्या एपीटीला, म्हणजे पॅकेजे आणणाऱ्या साधनाला, ताटकळावे लागते. संदेशात त्या प्रोसेसचा क्रमांकही येतो.

आणि वीज गेली किंवा कोणी कंट्रोल-सी दाबले, तर पॅकेज अर्धवट राहते. मांडणी चालू असतानाच थांबले, तर पॅकेजे प्रत्यक्ष बसवणारा डीपीकेजी स्वतःच्या नोंदीतही ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ असेच लिहून ठेवतो: फाइली उलगडल्या, मांडणी पुरी झाली नाही. तेव्हा ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ हा आदेश चालवा.

प्रतिसाद: खोळंब्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो फार जणांना चकवतो. एखादी कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही हाताने बदललेली असते. डीपीकेजी विचारतो, तुमची ठेवू की नवी घेऊ? खिडकीतून अपग्रेड करत असाल तर हा प्रश्न तपशिलाच्या भागात दडून राहू शकतो, आणि माणूस हलत नसलेल्या प्रगतीपट्टीकडे बघत बसतो. इथे यंत्र तुमच्यासाठी खोळंबलेले असते! ‘अडकले’ लिहिलेत तर वाचक यंत्रात दोष शोधत बसेल.

प्रतिसाद: जुन्या कर्नलांनी बूट विभाजन (डिस्कचा यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) भरून गेले असेल, तर मी ‘तुंबले’ म्हणेन. ‘डीएफ -एच’ने जागा पाहायची, ‘ऑटोरिमूव्ह’ने जुने काढायचे. बाकी, वापरणारा शोधताना ‘हँग झाले’ असेच टाकणार आहे. मथळ्यात तो शब्द असू द्या, नेमके क्रियापद मजकुरात वापरा.

प्रश्नकर्ता: पटले. अपग्रेड करताना एपीटी काही पॅकेजे ‘केप्ट बॅक’ म्हणून वगळते, त्यांना ‘अडवलेली पॅकेजे’ चालेल?

प्रतिसाद: नको. अडवणारे तुम्ही असता, एपीटी-मार्क या आदेशाने पॅकेजाला ‘होल्ड’ लावता तेव्हा. ‘केप्ट बॅक’ म्हणजे ‘तूर्त मागे ठेवलेली’. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडते आणि 21.04 पासून एपीटी ते टप्पे पाळते. तुमची पाळी आली की पॅकेज आपोआप येते. तो बिघाडच नाही, त्यामुळे शब्दातही बिघाड सुचायला नको.

प्रश्नकर्ता: आणि एका वेळी एकाच प्रोसेसने पॅकेजांना हात लावावा म्हणून असलेल्या ‘लॉक’ला कुलूप?

प्रतिसाद: डेबियन-उबुंटूच्या संदर्भात मी ‘ताबा’ लिहीन, आणि यावर मी अडून बसणार आहे. कुलूप म्हटले की माणूस ते तोडायला निघतो आणि लॉक फाइल उडवून टाकतो. पण ती फाइल म्हणजे कुलूप नव्हे. चालू प्रोसेसने त्या फाइलवर ताबा घेतलेला असतो आणि त्याची नोंद कर्नलकडे असते. प्रोसेस संपली की ताबा आपसूक सुटतो, फाइल तिथेच राहते. पहिली प्रोसेस जिवंत असताना फाइल उडवली, तर दुसरीही आत शिरते आणि पॅकेजांची नोंदवही बिघडू शकते. ‘दुसऱ्या प्रोसेसचा ताबा आहे’ असे वाचले, तर माणूस आधी ती प्रोसेस कोणती ते शोधेल.

आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज-साधनाबद्दल लिहाल तेव्हा मात्र कुलूपच लिहा. तिथे डीबी.एलसीके ही फाइल असणे हेच कुलूप असते. पॅकमन मध्येच कोसळला तर ती मागे राहते, आणि दुसरा पॅकमन चालू नाही याची खात्री करून ती हातानेच काढावी लागते.