‘सेल सिग्नलिंग’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: झाडांमधले जनुकीय बदल)

शब्दवेडी
नमस्कार मंडळी. वनस्पतिशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. लाकूड धरणाऱ्या झाडांच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात. त्या व्यवहारात जनुकांच्या पातळीवर हात घालून झाडाची वाढ बदलायची, असा विषय आहे. मथळा केला: ‘काष्ठमय वनस्पतींच्या पेशींमधील संदेशवहनाची जनुकीय सुधारणा’. वाचताना मलाच धाप लागली. सिग्नलिंगला संदेशवहन, संदेशन की संकेतन? ‘पेशींमधील’ बरोबर आहे का? आणि ‘सुधारणा’ हा शब्द मनाला पटत नाहीये.

जुना मास्तर
संदेशवहन रूढ आहे, तेच ठेवा. ‘संकेत’ नको, संकेतस्थळ आणि संकेतशब्द आल्यापासून तो शब्द संगणकवाल्यांनी नेला. ‘काष्ठमय’ मात्र खटकतं. जलमय म्हणजे जिकडेतिकडे पाणी, तसं काष्ठमय म्हणजे नुसतं लाकूडच. ‘काष्ठीय’ म्हणा. ‘वृक्ष’ म्हणून सुटका करून घेऊ नका: द्राक्षाची वेल आणि जास्वंदीचं झुडूप काष्ठीयच आहे, आणि केळ डोक्याच्या वर गेली तरी काष्ठीय नाही.

प्रयोगशाळेतला
मास्तर, रूढ आहे हे मान्य. पण ‘वहन’ म्हणजे नेणं, आणि सिग्नलिंगमध्ये नेणं हा फक्त एक टप्पा आहे. रेणू कोणत्या पेशीनं सोडला, कुठे सोडला, तो धरणारा ग्राही (रिसेप्टर) कुणाकडे आहे, आणि धरल्यावर त्या पेशीनं पुढे काय केलं, हे सगळं मिळून सिग्नलिंग होतं. (‘ग्राही’च म्हणा. एका अनुवादात ‘पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक’ वाचलंय.)

पॉपलरचं उदाहरण देतो, कारण या सगळ्या संशोधनात तेच झाड पुढे असतं. झाडांमध्ये सर्वांत आधी, २००६ साली, पॉपलरचाच जनुकसंच प्रसिद्ध झाला. साल आणि लाकूड यांच्यामध्ये विभागत राहणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो, कँबियम. विश्वकोशात त्याला ‘ऊतककर’ म्हटलंय. बोलताना तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. या थराच्या आतल्या अंगाला जलवाहिन्या तयार होतात, त्यांचंच पुढे लाकूड होतं. बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या. रसवाहिन्यांच्या बाजूच्या पेशी बारा अमिनो आम्लांचा एक चिमुकला पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण आखूड रेणू, सोडतात. तो सीएलई४१ या जनुकापासून बनतो. कँबियमच्या पेशींवर पीएक्सवाय नावाचा ग्राही असतो. पेप्टाइड त्याला जाऊन बसला की पेशी विभागत राहते, आणि कोणत्या दिशेनं विभागायचं हेही त्यावरूनच ठरतं.

मँचेस्टर विद्यापीठातल्या गटानं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही दोन्ही जनुकं संकरित अ‍ॅस्पेनमध्ये, म्हणजे पॉपलरच्याच एका भाईबंदात, जास्त काम करतील अशी केली. सरसकट सगळ्या पेशींत चालू केल्यावर खोडाची आतली मांडणी विस्कटली. मग पेप्टाइड फक्त रसवाहिन्यांच्या बाजूला आणि ग्राही फक्त कँबियममध्ये वाढेल, असे प्रवर्तक जोडले. आता मांडणी शाबूत राहिली, लाकूड दुपटीच्या आसपास वेगानं वाढलं, झाडाची उंचीही वाढली. रेणू तोच आणि ग्राही तोच, फक्त कुठे सुटला यानं एवढा फरक पडला. ‘संदेशवहन’ म्हटलं की नेमकं हे ‘कुठून’ आणि ‘कुणाला’ वाचकाच्या नजरेआड जातं. माझं मत ‘संदेशन’ला.

हापूसवाला
प्रवर्तक म्हणजे? आमच्याकडे प्रवर्तक बिल्डिंगी बांधतात.

प्रयोगशाळेतला
जनुकाच्या अलीकडचा डीएनएचा तुकडा. जनुक कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती चालू व्हायचं ते तो ठरवतो. बिल्डरांनी शब्द घेतला म्हणून आपण का सोडायचा?

हापूसवाला
बरं. पण हे आम्ही कल्टार घालून करतो त्यापेक्षा वेगळं काय? पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती कल्टार दिलं की पालवी आवरते आणि मोहोर लवकर येतो. झाडाला निरोपच दिला की आम्ही.

निफाडची वेल
आणि आम्ही घड जीएत बुडवतो, मण्यांची फुगवण व्हावी म्हणून. आमच्याकडे कुणी ‘संप्रेरक’ म्हणत नाही, सगळे ‘संजीवक’ म्हणतात. शब्दवेडीताई, तुमच्या लेखात यातला कुठला आहे?

प्रयोगशाळेतला
हा प्रश्न मथळ्यापेक्षा मोलाचा आहे. झाड स्वतः बनवतं ते संप्रेरक. आपण बाटलीतून देतो ते संजीवक. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, ते दोन्हीकडे बसतं. द्राक्षवेल आपल्यापुरतं जिबरेलिन बनवतेच, तुम्ही वरून आणखी देता. कल्टारमधलं पॅक्लोब्युट्रॅझॉल मात्र संप्रेरकच नाही. झाडात जिबरेलिन तयार होण्याच्या साखळीत ते अडसर घालतं. जिबरेलिन कमी झालं की पालवीचा जोर ओसरतो. म्हणून त्याला संजीवक म्हणताना मला जरा हसू येतं; ‘वाढ निरोधक’ हे कृषी खात्याच्या भाषेतलं नाव नेमकं आहे.

आता जनुकांच्या वाटेनं तेच पाहा. स्वीडनमधल्या उमिओच्या संशोधकांनी २००० साली अ‍ॅस्पेनमध्ये जिबरेलिन बनवायला मदत करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक जादा चालवलं. तुमच्या कल्टारच्या नेमकं उलट, दादा. झाडं भराभर वाढली, लाकडाचे तंतू संख्येनं जास्त आणि लांबीनं मोठे झाले. कागदाच्या लगद्यासाठी लांब तंतू हवेच असतात. मुळं धरायला मात्र ती झाडं नेहमीच्या झाडांपेक्षा मागे पडली. आणखी एक फरक: कल्टारचा परिणाम काळानं ओसरतो, जनुकातला बदल झाड उभं असेपर्यंत प्रत्येक पेशीत राहतो.

हापूसवाला
कल्टार ओसरतं म्हणता, पण दरवर्षी मात्रा वाढवत नेलेली कलमं कशी आखडून जातात ते या एकदा बघायला.

पारिभाषिक
‘पेशींमधील’ राहिलं की. ‘मधील’ दोन्हीकडे चालतं: घरांमधील माणसं आणि घरांमधील अंतर. पेशीच्या आतलं की दोन पेशींच्या दरम्यानचं, हे वाचकाला कळणार नाही. आतल्यासाठी ‘पेशींतर्गत’ आणि दरम्यानच्यासाठी ‘आंतरपेशीय’, आंतरराष्ट्रीयसारखं. मात्र ‘अंतरपेशीय’ लिहू नका. तो शब्द अर्धे लोक एका अर्थानं वाचतात आणि अर्धे दुसऱ्या.

शब्दवेडी
माझ्या लेखात दोन्ही आहे: पेप्टाइड एका पेशीतून दुसरीकडे जातो, आणि ग्राही जागा झाल्यावर पुढची साखळी त्या पेशीच्या आत चालते. म्हणजे मथळ्यात नुसतं ‘पेशी-संदेशन’? मास्तरांचं ‘संदेशवहन’ अगदीच टाकवत नाहीये.

प्रयोगशाळेतला
टाकू नका. दोन्ही शब्द लागतात असा एक प्रयोग आहे. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला, पुन्हा उमिओचाच, लेखकांत ऋषिकेश भालेराव हे नाव दिसेल. थंड प्रदेशात शरदात दिवस लहान झाले की अ‍ॅस्पेनचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, सुप्तावस्थेत जातात. दिवस लहान झाले की अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचं काम वाढतं. त्यानं पेशींच्या भिंतींतल्या, एका पेशीला दुसरीशी जोडणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं कॅलोज या शर्करायुक्त पदार्थानं बुजतात. मग वाढीचा निरोप डोळ्यापर्यंत पोचतच नाही. ज्या झाडात जनुकीय बदल करून हे आम्ल ‘ऐकू’ येईनासं केलं, त्याच्या नळ्या उघड्याच राहिल्या आणि डोळे नीट सुप्त झाले नाहीत. त्या झाडात नळ्या बुजवणारं दुसरं जनुक चालवलं, तर सुप्तावस्था परत आली.

म्हणजे बघा, अ‍ॅब्सिसिक आम्लाच्या संदेशनामुळे डोळ्याकडचं संदेशवहन बंद पडतं. दोन्हींना एकच शब्द ठेवला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

जुना मास्तर
हं. हे पटलं. ‘संदेशन’ तोंडात बसायला वेळ लागेल, पण ‘प्रदूषण’ही कधीतरी नवंच होतं.

पारिभाषिक
‘सुधारणा’बद्दल: वर्तमानपत्रांत ‘जनुकीय सुधारित वाण’ सर्रास छापतात. त्या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. विरोधक मग ‘छेडछाड’ लिहितात, त्यांचाही निकाल लागलेला. वर मुळं धरायला मागे पडलेलं झाड आणि विस्कटलेलं खोड, ही सुधारणा म्हणायची? ‘बदल’ हा साधा शब्द कुणाचीच बाजू घेत नाही. ‘फेरफार’ मूळचा चांगला, पण सात-बारा आणि हिशेबाच्या वह्यांनी त्याला वास लावलाय.

निफाडची वेल
फेरफार म्हटलं की मला तलाठी आठवतो.

प्रयोगशाळेतला
‘बदल’ला दुजोरा. एक जोडतो: शेतावर किंवा रानात लावायला परवानगी मिळालेली काही झाडं आहेत, उदाहरणार्थ चीनमध्ये २००२ साली परवानगी मिळालेलं बीटी पॉपलर. त्यात कीड मारणारं प्रथिन घातलेलं आहे. तिथे संदेशनाला हात लावलेला नाही. लेखात दोन्ही एका ओळीत आली असतील तर वेगळी करा, नाहीतर वाचक बीटी कापसाचं भांडण इथे घेऊन येईल.

शब्दवेडी
आली आहेत, एकाच परिच्छेदात. तोडते. मथळा असा: ‘काष्ठीय वनस्पतींच्या पेशी-संदेशनातील जनुकीय बदल’. मजकुरात आत ‘झाडं’च म्हणेन, सुरुवातीला एकदा सांगून की वेली आणि झुडपंही त्यात धरली आहेत. ‘पाथवे’ला संदेशनमार्ग. निफाडच्या दादांचं ‘संजीवक’ मुळात नव्हतं, पण द्राक्षाच्या उल्लेखापाशी कंसात घालते. ‘लिगँड’ (ग्राहीला जाऊन बसणारा रेणू) तूर्त तसाच ठेवतेय. त्यासाठी उद्या वेगळा धागा काढेन.