मदत हवी आहे: लॅपटॉपमधला मोडेम डेबियनवर चालेना

मंडळी, जुन्या लॅपटॉपवर डेबियन ४.० (टोपणनाव 'एच') ही लिनक्स प्रणाली टाकलीय. आवाज, छपाई सगळं सुरळीत, अडलंय ते आतल्या मोडेमपाशी. आमच्या गावात ब्रॉडबँड अजून आलेलं नाही, त्यामुळे डायल-अपशिवाय (फोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेट) गत्यंतर नाही.

एलएसपीसीआय या हार्डवेअरची यादी देणाऱ्या आज्ञेत 'इंटेल एसी-९७ मोडेम कंट्रोलर' अशी ओळ येते. पण मोडेम शोधणारा डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ टीटीवायएस० पासून टीटीवायएस३ पर्यंतची सिरियल पोर्टांची नावं चाचपतो आणि 'मोडेम सापडला नाही' म्हणून मोकळा होतो. सेटसिरियल या सिरियल पोर्ट जुळवणाऱ्या आज्ञेने पत्ता आणि आयआरक्यू (इंटरप्ट क्रमांक) हाताने देऊन पाहिले, फरक शून्य. विंडोजवर हाच मोडेम बिनतक्रार लागतो. कृपया 'बाहेरचा मोडेम घ्या' एवढंच सांगू नका, या लॅपटॉपला सिरियल पोर्टच नाही.

प्रतिसाद १:
सेटसिरियलचा नाद सोडा, ते खऱ्या हार्डवेअर मोडेमसाठी. तुमचा विनमोडेम आहे. तारेवरचा सिग्नल आत-बाहेर करण्यापलीकडे त्या चिपला काही येत नाही, बाकी सगळी आकडेमोड प्रोसेसरने करायची. म्हणून टीटीवायएसवर तो कधीच सापडणार नाही.

सोर्सेस-लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून आणायची त्याची यादी) नॉन-फ्री विभाग जोडून एसएल-मोडेम-डीमन हा ती आकडेमोड करणारा, मागे चालत राहणारा प्रोग्राम बसवा (पॅकेज अर्थातच विंडोजमधून उतरवून आणावं लागेल). एसएनडी-इंटेल८एक्स०एम हे मॉड्यूल (मोडेमचा ड्रायव्हर) चढलंय का ते एलएसमॉड या आज्ञेने बघा. शेवटचा 'एम' नीट बघा, तो नसेल तर ते साउंड कार्डाचं. डीमन चालू झाला की टीटीवायएसएल० हे पोर्ट तयार होतं, डब्ल्यूव्हीडायल या नंबर फिरवणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत तेच द्या. यातला मुख्य भाग बंद बायनरी आहे (मूळ कोड खुला नाही), मुक्त सॉफ्टवेअरवाले नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

धागाकर्ता:
वा! टीटीवायएसएल० आला, 'एटी' ही मोडेमची आज्ञा दिली की 'ओके' मिळतंय. पण डायल केलं की 'नो डायलटोन'. त्याच तारेला फोन जोडला तर टोन खणखणीत ऐकू येतो.

प्रतिसाद २:
डीमन मुळात अमेरिका धरून चालतो. तिथला टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून बनतो, आपला ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर. मोडेमला तो टोन वाटतच नाही. ईटीसी-डिफॉल्ट या फोल्डरमधल्या एसएल-मोडेम-डीमनच्या फाइलीत देश यूएसए असेल, तिथे इंडिया करा आणि डीमन पुन्हा चालू करा. तरीही अडला तर डब्ल्यूव्हीडायलच्या इनिट ओळीत (मोडेमला आधी जाणारी आज्ञा) एटीएक्स३ घाला, मग टोनची वाट न बघता तो सरळ नंबर फिरवतो. आणि डब्ल्यूव्हीडायलमध्ये 'कॅरियर चेक = नो' लिहाच, नाहीतर जोडणी होऊनही तो 'कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सिग्नल) नाही' म्हणून फोन ठेवून देईल.

धागाकर्ता:
लागला! देश बदलून भागलं नाही, एटीएक्स३ घालावंच लागलं. आता फक्त रूट या मुख्य खात्यानेच लागतो, घरच्यांना रूटचा पासवर्ड द्यायची इच्छा नाही.

प्रतिसाद १:
त्यांची खाती डायलआउट आणि डिप या दोन्ही गटांत घाला. लॉगआउट करून परत आल्याशिवाय गट लागू होत नाहीत.